एकही भोक नसलेली गाडी

बाळांनो, आमच्या खालच्या मजल्यावरच्या भाईंइतका हट्टी माणूस अख्ख्या रियाधमध्ये दुसरा नसेल. रत्नागिरीकडचे हे गृहस्थ जन्मभर लोकांच्या घरांत एसी बसवत आले आणि स्वतः मात्र भर उन्हाळ्यात खिडक्या उघड्या टाकून घाम पुसत बसत. "मशीन लावली की माणूस मऊ पडतो, वहिनी," असं मला बजावत. त्यांच्या बायकोने गावीच राहणं पसंत केलं, ते उगाच नव्हे.

अशा माणसाचा जीव जडला तो शहरातल्या अल सुलै भागात, त्यांच्या कफीलच्या, म्हणजे अरब मालकाच्या यार्डात धूळ खात पडलेल्या एका जुन्या अमेरिकन गाडीवर. सरळ रस्त्यावर दोन गाड्यांनी शेजारी उभं राहायचं आणि सुसाट सुटायचं, अशा शर्यतींसाठी एका कारखान्याने मोजक्याच गाड्या मुद्दाम बनवल्या होत्या. वजन वाचवायला त्यांत ना रेडिओ, ना हीटर, ना एसी. ही त्यांतलीच, असं भाईंचं म्हणणं. लोक मुलीच्या स्थळाचीही करत नसतील एवढी चौकशी त्यांनी तिच्या खानदानाची केली. जुबैलला जाऊन, ती इथे आणणाऱ्या इंजिनिअरचा म्हातारा ड्रायव्हर शोधला. जेद्दाला बलदच्या जुन्या बाजारात, तिच्यातून मुलाची वरात काढणाऱ्या कापडवाल्याकडे दिवसभर बसले आणि संकोचापोटी नको तेवढं कापड घेऊन परतले. एकदा मला आणि ह्यांना, म्हणजे तुमच्या मामाला, गाडी दाखवायला नेलं. डॅशबोर्डच्या पत्र्यावर हात फिरवत म्हणाले, "बघा, एक भोक नाय. इथे कधीच काय बसवलेलं नाय. हाच तिचा पुरावा." मीही तिथे नसलेल्या सगळ्या वस्तू गंभीरपणे पाहून घेतल्या.

कफील हसायचा. "एसी नाही? रियाधमध्ये? बिचारी गाडी!" यार्ड रिकामं करायचं ठरलं, तेव्हा केवळ भाईंच्या भिडेखातर तो थांबला. जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका शेखाचा पारखी येऊन तिला खरी म्हणाला, तर शेख ती घेणार. नाहीतर ती भंगारात.

त्या दिवशी आम्हीही गेलो. कफील दारातच उभा होता, ईदचे नवे कपडे घातलेल्या मुलासारखा. पाहुण्यासमोर भाईंच्या गाडीची शोभा होऊ नये, म्हणून त्याने आदल्या दिवशी पत्रा कापून रेडिओ आणि एसी बसवून घेतले होते, तेही भाईंच्याच हाताखालच्या माणसांकडून. "यल्ला, बसा! आता झाली पुरी गाडी!"

पारख्याने वाकून पाहिलं. "इथे आधी काहीच नव्हतं, हे आता कशावरून?"

भाईंनी एकदा कफीलच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. पारखी मान हलवत निघून गेला. कफीलने भाईंना गाडीत बसवलं, काचा वर केल्या, एसी लावला. आतून गरम वारा येत होता.

"थंड?"

"फार थंड," भाई म्हणाले. घाम हनुवटीवरून टपटपत होता.

गाडी भंगारात गेली. भाईही पुढे कायमचे रत्नागिरीला गेले. फोनवर म्हणाले, "कफीलला अजून वाटतं, पारख्याला गाड्यांतलं काय कळत नाय. वाटू दे, वहिनी."

खाली आता नवं कुटुंब आलंय. त्यांच्या खिडक्या कायम बंद. मी मात्र संध्याकाळी माझी थोडी उघडते. गरम झळ तोंडावर येते, मी लगेच लावून घेते, आणि वाटतं, आता खालून कोणीतरी म्हणेल, "मऊ पडलात, वहिनी."