पालकाच्या सहीचा रकाना

शुक्रवारी सायंकाळी अकरावीतील तीन मुली माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या... आणि काही केल्या आत येईनात. गोष्ट काही वर्षांपूर्वीची आहे. त्यांच्या घरी आता सर्व ठाऊक आहे, म्हणूनच लिहिण्याचे धाडस करतो.

तेव्हा माझ्या पत्नीला, वसुधाला, जाऊन आठ महिने झाले होते. घरात थांबवत नसे. त्यामुळे तरुण मुलामुलींसाठी गावात कोणत्या सोयी हव्यात, हे शोधण्याचे काम आमच्या नगर परिषदेने विचारताच मी होकार दिला. निवृत्त मुख्य लिपिक (गावाच्या तोंडी 'बडेबाबू') म्हणून कागद नेटके करणे, एवढे मला निश्चित येत होते.

उत्तरे मुलांकडूनच घ्यावीत, हा आग्रह माझा. नमुनाही मीच तयार केला... नाव, इयत्ता, मागणी आणि खाली पालकाची सही. अर्ज वेळेत परत आले आणि बहुतेक सर्वांत एकच मागणी होती : अभ्यासिका. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानाची रस्त्याकडची भिंत पाडून तेथे इमारत बांधायची, असे ठरत आले होते. सोमवारच्या सभेत माझ्या सहीचा अहवाल मंजूर व्हायचा होता.

आणि शुक्रवारी या तिघी आल्या.

"सर, तुमी रागावसान तं नाई?" त्यांच्यातील प्रज्ञाने विचारले. "त्या फारमावरचं आमच्या मनचं नाई जी. बाबानं सांगतलं तसं लिवलं."

मग तुमची मागणी काय, असे मी विचारले. टाकीमागच्या मैदानात, भिंतीआड, त्या रोज सकाळी धावत असत. पोलीस भरतीची तयारी. घरी मात्र शिकवणीला जातो, असे सांगितलेले.

"मुले तर रस्त्यावरच धावतात," मी म्हणालो.

"पोट्टे धावतेत जी. आमी धावलो का गावभर होते. अन् रोडवर कोळशाचे टरक, जंगलाकडं वाघ."

"वाघ बरा सर," मागून नसरीन म्हणाली. "तो घरी जाऊन सांगत तं नाई."

तिघी हसल्या. मला हसता आले नाही. जाताना प्रज्ञा एवढेच म्हणाली, "आमचं नाव सांगू नोका जी. बाबाले समजलं तं शाळाच बंद."

दोन दिवस मला नीट जेवण गेले नाही. कारण सांगावे तर मुली घरी बसणार, न सांगावे तर भिंत पडणार... शिवाय तीस वर्षांच्या नोकरीत स्वतःच्या सहीचा एकही कागद मी मागे घेतलेला नव्हता. काही खोट सापडते का, म्हणून अहवाल चार वेळा वाचला. सापडली नाही.

रविवारी दुपारी कोरा नमुना हातात आला आणि माझी नजर शेवटच्या रकान्यावर थांबली. ज्या कागदावर वडिलांची सही हवी, त्यावर मुलगी खरे कसे लिहिणार? चूक तेथे होती, आणि ती सर्वस्वी माझी होती.

सभेत मी उभा राहिलो. "माझी पद्धत सदोष होती. अहवाल मागे घेण्याची परवानगी असावी," एवढेच बोललो.

"बडेबाबू, तुमची चूक?" अध्यक्ष मोठ्याने हसले. "पेपरात द्या न हे!" सभागृहही हसले. "आठ दिवस घ्या. नवव्या दिवशी काम चालू."

मी शाळा-महाविद्यालयांत बंद पेट्या ठेवल्या. साधी चिठ्ठी... नाव नको, सही नको. पण ते आठ दिवस आधीच्या दोन दिवसांहून वाईट गेले. मुलींनी भीतीपोटी चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत तर? किंवा तीनच निघाल्या, तर त्या कोणाच्या हे गाव शोधून काढणार नाही का?

पेट्या सभेतच उघडल्या. अध्यक्ष स्वतः वाचू लागले. व्हॉलीबॉलचे नेट... कॉम्प्युटर... एसटीची वेळ... मग एक चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली.

"नवीन काही नको. टाकीमागची भिंत पाडू नका."

थोड्या वेळाने तशीच दुसरी निघाली. मग तिसरी. मी मनात मोजत होतो... आणि चौथी निघाली, पाचवी निघाली. प्रत्येकीचे अक्षर निराळे. मला तिघीच ठाऊक होत्या. टेबलावर त्या चिठ्ठ्यांची वेगळी गड्डी लागली.

"असं हाये तरी काय त्या भिंतीमागं?" अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी चिठ्ठ्यांची गड्डी सारखी करू लागलो.

तेव्हा आजवर सभेत क्वचितच बोललेल्या एक वयस्क नगरसेविका म्हणाल्या, "भाऊ, सांगाचं असतं तं भिंत कायले पाह्यजे होती? राहू द्या न."

अध्यक्षांनी गड्डीकडे एकदा पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. अभ्यासिका जकात नाक्याच्या रिकाम्या इमारतीत गेली.

वसुधा गेल्यापासून सगळे माझ्याशी फार जपून बोलत होते. तुमचे चुकते आहे, असे त्या आठ महिन्यांत मला कोणीही तोंडावर म्हटले नव्हते... ते म्हणायला घाबरत घाबरत का होईना, तीन मुली आल्या. त्यांचा मी आजही ऋणी आहे.