कॉफी रंगाचा सोफा

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरचे सोफे शिवले आणि स्वतःच्या घरात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या. त्यातल्या एकीचा पाय वाकडा होता. पाहुणा आला की धड खुर्ची त्याला द्यायची आणि वाकड्या खुर्चीवर आपण तोल सांभाळत हसऱ्या चेहऱ्यानं बसायचं, एवढीच त्या घराची बैठकव्यवस्था. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सोफ्याच्या कारखान्यातले मुख्य कारागीर. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. शिवण नखभर वाकडी गेली तर गिऱ्हाईक दारात उभं असतानासुद्धा अख्खी पाठ उसवून टाकायचे. त्यांचं एक वाक्य कारखान्यातल्या प्रत्येकाला पाठ होतं : "चामडं डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं बघायचं." गाय आहे की म्हैस, कमावलेलं नीट आहे की नाही, हे ते अंगठा फिरवून सांगत आणि सहसा चुकत नसत.

लग्न झालं तेव्हा काकूंनी एकच मागणं मागितलं होतं. (काकू म्हणजे मास्तरांची बायको. कारखान्यातले सगळे त्यांना काकूच म्हणत, वयानं मोठे होते तेसुद्धा.) त्या म्हणाल्या होत्या, "मला एक साधा कॉफी रंगाचा सोफा करून द्या. अंगावर न येणारा." मास्तर म्हणाले होते, "पुढच्या महिन्यात."

तो पुढचा महिना यायला एकतीस वर्षं लागली. मास्तर निवृत्त झाले त्या आठवड्यात टेम्पो दारात आला. मिशीवाला कारागीर, जो मास्तरांच्या हाताखाली वीस वर्षं राबला होता, तो आणि त्याचा जोडीदार सोफा आडवा-उभा करत दहा बाय अकराच्या बैठकीत घेऊन आले. मागून मास्तर आले आणि त्यांनी वरची चादर ओढली.

"घे. कॉफी रंगाचा."

काकूंचे डोळे पांढरे झाले. सोफ्याची पाठ पोपटी होती, एक हात नारिंगी, दुसरा जांभळा. तीन गाद्यांपैकी दोन मोरपिशी आणि तिसरी अशा गुलाबी रंगाची, की तिच्याकडे बघताना आपलं तोंड आपोआप उघडं राहावं.

"कसा आहे?" मास्तरांनी विचारलं.

काकूंनी एकदा मास्तरांच्या डोळ्यांकडे बघितलं. दोन वर्षं त्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि दोन वर्षं मास्तर म्हणत होते, "मला सगळं व्यवस्थित दिसतं." त्यांना सगळं व्यवस्थित तपकिरी दिसत होतं, हे काकूंना त्या क्षणी कळलं.

"सुरेख," त्या म्हणाल्या. "अगदी मनातला."

मास्तर आत पाणी प्यायला गेले तसा मिशीवाला कुजबुजला, "काकू, आम्ही सांगायला गेलो होतो हो! दुसऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्यातले तुकडे होते, मऊ लोण्यासारखे. मास्तरांनी अंगठ्यानं निवडले. मी म्हणालो, मास्तर, जरा रंग... तर म्हणाले, तू तुझं बघ."

"आता कोणी ब्र काढायचा नाही," काकू म्हणाल्या.

पण एक अडचण होती. मास्तरांनी ऑपरेशनला होकार दिला होता तो याच सोफ्याच्या अटीवर. "एवढं काम हातावेगळं होऊ दे, मग काय फाडायचं ते फाडा," असं ते म्हणाले होते. तारीख पडली होती, बारा दिवसांनंतरची. बारा दिवसांनी मास्तरांना दिसायला लागणार आणि पहिली गोष्ट दिसणार ती आपलं शेवटचं काम. ज्या माणसानं नखभर चूक कोणाला माफ केली नाही, तो स्वतःला काय माफ करणार? काकूंना ते नुसतं डोळ्यांसमोर आणवेना. सोफा उसवून टाकतील आणि पुन्हा सुईला हात लावायचे नाहीत.

पहिला उपाय म्हणून त्यांनी सोफ्यावर चादर घातली. मास्तर भडकले. "चामड्याला गुदमरवतेस? काढ ती!" चादर गेली.

दुसरा उपाय : सोफा भडक दिसतो, तर सगळंच भडक करू, म्हणजे तो त्यात लपेल. काकूंनी लाल फुलांचे पडदे लावले, शोकेसमधल्या बाहुल्या पुढे आणल्या, प्लास्टिकच्या सूर्यफुलांचा गुच्छ टीव्हीवर ठेवला. आधी सोफा एकटा ओरडत होता, आता खोलीत दंगल पेटली. मास्तर त्या दंगलीच्या मधोमध बसून समाधानानं रेडिओ ऐकत होते.

अशात आल्या वन्सं. मास्तरांची थोरली बहीण. जिभेला हाड नाही, असं लोक म्हणत आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. दारातच त्यांनी तोंड उघडलं : "अगं बाई! हे काय, सर्कशीतल्या हत्तीची झू..."

"वन्सं, चहा!" काकूंनी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला, की वन्सं 'कसला चहा' म्हणायच्या आधीच स्वयंपाकघरात पोचल्या.

सगळं ऐकल्यावर त्या थोडा वेळ बशीत फुंकर मारत राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, तुला तुझी सासू आठवते?"

"त्यांना कशी विसरेन?"

"आई बोलायला लागली की आपण काय करायचो?"

"गप्प बसायचो."

"मग? घरात एक बोलका असला की बाकीच्यांनी गप्प राहायचं, म्हणजे तो भांडखोर वाटत नाही, कर्ता वाटतो. तुझा सोफा म्हणजे आमची आई आहे बघ. बाकीच्यांना गप्प कर."

दोघी कामाला लागल्या. बाहुल्या माळ्यावर गेल्या, सूर्यफुलं गेली, धबधब्याचं कॅलेंडर गेलं, सोनेरी घड्याळाची बदली आतल्या खोलीत झाली. मास्तर फिरायला गेले की मिशीवाल्यानं भिंतींना साईच्या रंगाचा हात मारला. रंगाचा वास आला तेव्हा मास्तरांनी विचारलं, "शेजारी रंगकाम काढलंय का?" "हो ना," वन्सं म्हणाल्या, "लोकांना उद्योग नाहीत." खिडकीला साधा पांढरा सुती पडदा, खाली राखी सतरंजी. खोली शांत झाली आणि सोफा, खरंच, जरा शहाण्यासारखा दिसायला लागला.

तरी काहीतरी कमी होतं. सोफा घरातला वाटत नव्हता, पाहुणा वाटत होता. तेव्हा काकूंनी मिशीवाल्याकडून उरलेले चार तुकडे मागवले. पोपटी पट्टी कुंडीभोवती गुंडाळली, नारिंगीनं दिव्याच्या टोपीला काठ लावला, जांभळ्यात आरशाची चौकट मढवली. मोरपिशीची एक उशी केली, स्वतःच्या हातानं. चामडं शिवणं काय असतं, ते एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या बोटांना कळलं. सुई बोटात गेली, दोरा तुटला, किनार सापासारखी वळत गेली. पुन्हा उसवायला वेळच नव्हता. उद्या ऑपरेशन होतं.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर मास्तर पहिलं वाक्य बोलले ते असं : "डॉक्टर, तुमच्या खुर्चीची शिवण उसवलीय." मग ते काकूंकडे वळले. "अगं, तुझे केस कधी पांढरे झाले?"

"तुम्हाला सगळं व्यवस्थित दिसत होतं तेव्हा."

काकूंनी मास्तरांना हाताला धरून घरी आणलं. वन्सं आधीच येऊन आतल्या दाराशी उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून, म्हणजे चुकून काही निसटू नये. मास्तरांनी काळा चष्मा काढला.

सोफ्याकडे ते खूप वेळ बघत राहिले. चेहरा एकदम उतरला. त्यांनी अंगठा पुढे केला, गुलाबी गादीवर फिरवला, मग मागे घेतला, जणू त्या अंगठ्यानंच दगा दिला होता.

"तू कॉफी म्हणाली होतीस," ते हळूच म्हणाले.

"तेव्हा मी बावीस वर्षांची होते. मला काय कळत होतं?"

मास्तरांनी मान वर केली. त्यांना कुंडी दिसली. मग दिवा. मग आरसा, आणि आरशात पोपटी पाठ. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि बहिणीकडे बघितलं. "शेजारचं रंगकाम, काय गं?"

वन्संनी पदर आणखी घट्ट धरला.

मास्तर सोफ्यावर टेकले आणि हाताला मोरपिशी उशी लागली. सवयीनं त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. नवा डोळा किनारीवरून सावकाश चालत गेला.

"ही कोणी शिवली?"

"मी."

"वाकडी आहे."

"माहीत आहे."

मास्तरांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. निवृत्त झाले तरी टाके उसवायची उसवणी तिथेच असायची. काकू बघत होत्या. हात खिशावर थांबला, क्षणभर चाचपडला आणि रिकामाच परत आला. मग मास्तरांनी उशी पाठीमागे घेतली, वाकडी बाजू बाहेर ठेवून, आणि नीट टेकून बसले.

"उभी का?" ते म्हणाले. "बस. एकतीस वर्षं थांबलीस ना?"

काकू गुलाबी गादीवर बसल्या. आतल्या दारातून वन्सं म्हणाल्या, "आता मी बोलू का?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.