संघमित्राची जोड

माझ्या डोक्याला फेटा बांधता बांधता त्यांनी माझ्या जातीला शिवी दिली. फेटा घट्ट बांधला. शिवी मात्र सैल हातानं दिली, आपल्याच माणसापाशी बोलावं तशी.

शिवजयंतीचा कार्यक्रम होता. अमेरिकेत आयोवातली फेब्रुवारी, बाहेर गुडघाभर बर्फ, आत शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेतलेलं. माझी नात रिया राज्याच्या कुस्ती स्पर्धेत चौथी आली म्हणून इथल्या मराठी मंडळानं तिचा सत्कार ठेवला होता. तिचा वस्ताद म्हणून माझाही. मंडळाचे अध्यक्ष स्वतः फेटा बांधत होते. मोठ्या पगाराचा माणूस, स्वभावानं गोड. कपाळावर पट्टी बसवत म्हणाले,

"ती कांबळ्यांची पोरगी पण गेली होती ना काका स्टेटला? पहिल्याच दिवशी घरी. कुस्ती रक्तात लागते हो. तिथं काय सवलतीच्या जागा नसतात."

शेजारी उभे होते ते दोघं हसले. मीही हसलो. मान हलवली. कुणी धरून हलवली नाही, माझी मीच.

रिया बाजूलाच होती, गळ्यात पदक. तिला मराठी बोलता येतं मोडकं, पण कळतं सगळं. तिनं अध्यक्षांकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

मी महार. हे चार शब्द... नाही, दोनच आहेत, बघा. हे दोन शब्द मी या देशात आल्यापासून तोंडातून काढले नव्हते. आमचं आडनाव दोन्हीकडं चालतं. मराठ्यांत आहे, आमच्यात आहे. खोटं मी कधी बोललो नाही, अशी माझी फुशारकी होती. लोक माझी मिशी बघायचे, पैलवानाचे मोडके कान बघायचे, कोल्हापूरकडचा म्हणून ऐकायचे आणि पुढचं आपलं आपण धरून चालायचे. मी धरू दिलं.

ही विद्या मी इथं नाही शिकलो. गावाकडं शिकलो.

गावच्या जत्रेत कुस्त्या असायच्या. कुस्तीत तोलामोलाचा समोरचा गडी लागतो, त्याला जोड म्हणतात. लंगोट लावलेली पोरं मैदानात फिरायची, पंच अंगं बघून दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, झाली जोड. मी पंधरा-सोळा वर्षांचा. चौथीत शाळा सोडलेली, अंगात रेड्याचं बळ. महारवाड्याच्या मागं आम्ही आमचा खड्डा उकरून माती केली होती, कारण गावच्या तालमीत आम्हाला पाय ठेवायची बंदी. मी मैदानात उतरलो आणि फिरलो. एकदा फिरलो, परत फिरलो. पंच म्हातारा होता. त्यानं माझा दंड नजरेनं जोखला. हात लावला नाही. म्हणाला,

"अंग चांगलं कमावलंस. पण तुझ्या हातात हात देईल कोण?"

माणसं हसली. माझा बाप कडेला उभा होता, लांब, आमच्या लोकांच्या घोळक्यात. तोही हसला. बापाचं ते हसू मला पुढं कितीतरी वर्षं समजलं नव्हतं. त्या दिवशी कॅफेटेरियात समजलं, कारण माझ्या तोंडावर तेच होतं.

मग मी कोल्हापूरला पळालो. तिथल्या तालमीत वस्तादानं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि मातीत उतर म्हणाला. त्याला वाटायचं ते वाटलं. मी गप्प राहिलो आणि मला जोड मिळाली. गप्प बसलं की दार उघडतं, हे मी तिथं शिकलो. पुढं साखर कारखान्यात उसाच्या मोळ्या उचलल्या, पोराला इंजिनिअर केलं आणि त्यालाही हेच शिकवलं. शिकवलं म्हणजे सांगितलं नाही. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत नेला. पोराला तेवढं पुरलं.

बायको गेल्यावर पोरानं मला इकडं आणलं. तो शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात आहे. गाव लहान. चहूकडं मका. गावात शिरताना हायवेवर पाटी आहे, गावाचं नाव, आणि खाली शाळेनं राज्याची विजेतेपदं कोणत्या खेळात, कोणत्या वर्षी जिंकली ते. आपल्याकडं वेशीवर मारुती असतो, तसं इथं ते. कुस्तीची ओळ सगळ्यात लांब. शाळेच्या बोळात जुन्या संघांचे फोटो. पहिले फोटो पिवळे पडलेले, त्या पोरांचे नातू आता ट्रॅक्टर चालवतात आणि स्टेटच्या दिवशी गावातली दुकानं लवकर बंद होतात. इथली माणसं पेरणीचं साल विसरतील, पण कोण कोणत्या साली फायनलला चितपट झाला ते विसरत नाहीत. मला हे गाव पहिल्या दिवशीच आवडलं होतं.

मुलींची राज्य स्पर्धा मात्र आत्ता आत्ता सुरू झाली. त्याआधी एखादी हट्टी पोरगी मुलांच्याच संघात घुसायची. रियाची कोच हॉली ही त्यातलीच. तिनं एकदा बोळातला तिचा फोटो दाखवला. पंधरा मुलं आणि कडेला ही. रिया मला मराठीत करून सांगत होती. समोरचा मुलगा मॅटवर यायचाच नाही म्हणे. पोरीच्या अंगाला हात कसा लावायचा? घरच्यांचा विरोध, चर्चचा विरोध. मग पंच हॉलीचा हात वर करायचा. जिंकली. हॉली म्हणाली, ते वर केलेले हात तिनं कधी जिंकण्यात धरले नाहीत.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडं पण असं होतं."

रिया म्हणाली, "असं म्हणजे कसं, आजोबा?"

"काही नाही. पुढं विचार तिला."

कोच परक्या मुलखातली, माझं बोलणं तिला कळत नाही, तरी ती आपलं सांगून मोकळी झाली. मी माझ्या नातीलाही सांगितलं नाही.

आता कांबळ्यांच्या पोरीचं सांगतो. तेच सांगायला बसलोय.

कांबळे माझ्या पोराच्याच कारखान्यात. नागपूरकडचा. त्याची मुलगी संघमित्रा, शाळेत तिला सॅमी म्हणतात. रियाच्या वर्गातली, अंगानं रियाच्या बरोबरीची, वजनगट एकाच पायरीनं वेगळा. दोघी राज्य स्पर्धेच्या तयारीला लागल्या. दर शनिवारी कांबळे तिला आमच्या बेसमेंटमध्ये घेऊन यायचा. शाळेची जुनी मॅट होती, तिच्यावर मी दोघींना डाव शिकवायचो. इथल्या कुस्तीचे नियम वेगळे, पण खांदे टेकवायचे ते टेकवायचेच. संघमित्राची पकड रियाहून चांगली होती. हे मी तिला कधी बोललो नाही.

पहिल्या दिवशी कांबळे दारातच हसून म्हणाला, "जयभीम, काका."

मी म्हणालो, "नमस्कार."

तो समजला. परत कधी म्हणाला नाही. चपला काढल्या आणि पोरीला आत पाठवलं.

स्टेट जवळ आलं तशी मंडळाच्या लोकांना खबर लागली. अध्यक्षांचा फोन आला. आपली मराठी मुलगी, आपली मर्दानी परंपरा, आम्ही शनिवारी येतो, व्हिडिओ काढतो. मी हो म्हणालो आणि मग आठवलं. शनिवारी कांबळे असणार. तो बोलणारा माणूस. त्याचं नाव ऐकून ते काहीतरी बोलणार, तो काहीतरी बोलणार, आणि माझ्याकडं वळून विचारणार, काय काका? मी कांबळेला फोन केला. म्हणालो, पुढचे शनिवार पोरीला आणू नका. बेसमेंटमध्ये जागा पुरत नाही.

जागा पुरत नाही. बेसमेंट घराएवढं आहे.

तो "बरं काका," म्हणाला. एवढंच.

मंडळाचे लोक आले, व्हिडिओ काढले, रियाच्या समोर शाळेतली दुसरी एक मुलगी उभी केली होती. स्टेटला संघमित्रा पहिल्याच दिवशी दोन्ही कुस्त्या हरली. दोन हरल्या की घरी. दुसऱ्या कुस्तीत तिची पकड बसली होती, पण पुढचा पलटा तिला माहीत नव्हता. तो मी त्याच शनिवारांत शिकवला होता. रियाला. मी वर बाकावर बसून बघत होतो. मला दिसत होतं ती कुठं अडली. दुसऱ्या दिवशी रिया त्याच पलट्यावर चौथी आली आणि सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या.

म्हणून सांगतो, फेटा बांधताना अध्यक्ष बोलले ते त्यांचं अज्ञान होतं. मी हसलो, त्यात अज्ञान नव्हतं.

घरी येताना गाडीत रिया मागं बसली होती. म्हणाली, "आजोबा, आर वी देम? सॅमी लोक, ते आपण आहोत का?"

मी म्हणालो, "गप बस."

पोरगा गाडी चालवत होता. त्यानं वळून बघितलं नाही. म्हणाला, "सांगा ना बाबा. मला पण कधी सांगितलं नाहीत, मला पण आपलं आपणच कळलं."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर काही नव्हतं, पांढरी शेतं.

रिया बेसमेंटमध्ये यायची बंद झाली. आई बोलवायची, ती वर कानात गाण्याचं यंत्र घालून बसायची. एका सकाळी तीच खाली आली, सरावाचे कपडे न घालता. जिन्यावर उभं राहून बोलली. सॅमीला स्टेटला वॉर्म-अपला कुणी नव्हतं. ती भिंतीला धरून डाव घोकत होती. रियानं तिला विचारलं होतं, तू का येत नव्हतीस? ती म्हणाली, जागा नाही म्हणून तुझे आजोबा म्हणाले.

मग रिया म्हणाली, "आजोबा, यू डिड दॅट. तुम्ही केलं ते."

मी मोठा आवाज करणारा माणूस आहे. सून घाबरते माझ्या आवाजाला. त्या सकाळी आवाज निघाला नाही. मला तो जत्रेतला म्हातारा पंच दिसत होता. त्याला मी आयुष्यभर शिव्या दिल्या. त्यानं निदान जात माझी बघितली, त्याची वेगळी होती. मी माझ्याच माणसांतल्या पोरीची जोड मोडली, आणि तोंडानं सांगितलं जागा नाही.

त्याच आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला. पाडव्याला मुलांसमोर कुस्तीवर चार शब्द बोला म्हणाले, आणि पत्रिकेत काय छापू? "शहाण्णव कुळी पैलवान घराणं, असं लिहू ना काका?"

मी म्हणालो, "मी महार आहे. कांबळे पण माझाच."

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "अहो काका, आम्ही कुठं जातपात मानतो? पण हे आधी सांगायचं ना."

"आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"तसं नाही हो... बरं, पाडव्याचं बघू. कळवतो."

कळवलं नाही अजून.

त्या संध्याकाळी मी कांबळेच्या घरी चालत गेलो. पोरानं गाडीनं सोडतो म्हटलं, नको म्हणालो. कांबळेनं आत घेतलं, चहा केला. अपमान केला असता तर बरं वाटलं असतं. मी सगळं सांगितलं, फोन का केला तेही. तो कप खाली ठेवून म्हणाला, "काका, जात लपवली ते मला कळतं. मी पण भाड्याचं घर बघताना नुसतं पहिलं नाव सांगितलंय. पण तुम्ही माझ्या पोरीला दारातून परत पाठवलंत."

मी होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

संघमित्रा जिन्यात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "स्टेट होतं ते. तुम्हाला माहीत होतं ना?"

"होय."

ती वर गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. कांबळे म्हणाला, तिनं कुस्ती सोडली नाही, पण तुमच्याकडं ती येणार नाही. मी म्हणालो, येऊ नये.

रिया आता माझ्याशी बोलते, कामापुरतं. मी तिला म्हणालो, तो पलटा तू सॅमीला शिकव, शाळेत, कोचच्या समोर. माझं नाव घेऊ नको. ती म्हणाली, आय ऑलरेडी अॅम. मला न विचारता. बरं केलं.

पाडव्याला मी जाणार आहे. बोलावलं तर जाणार, नाही बोलावलं तरी जाणार. नुसती जात सांगून खाली बसणार नाही. ते सोपं आहे आता. म्हातारा माणूस, मोडके कान, धीर करून बोलला म्हणून चार जण टाळ्या वाजवतील, एखादा डोळे पुसेल, आणि मी पुन्हा सत्काराचा धनी होईन. म्हणून पुढचंही सांगणार. एक पोरगी माझ्या नातीहून चांगली पकड धरायची, आणि तुमच्यात बसायला मिळावं म्हणून मी तिला भिंतीशी उभी केली. तिचं नाव घेऊ का, हे आधी तिला विचारणार. ती नको म्हणाली तर नाव नाही घेणार, माझं घेणार, जातीसकट. आणि अध्यक्षांनी माईक ओढला तर ओढू दे. माझा आवाज त्या कॅफेटेरियाला पुरतो.