लिलावातली गाडी

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीभर त्यांनी बीडहून गाडी काढली आणि बीडलाच आणून लावली. निवृत्तीच्या दिवशी गळ्यातला हार न काढताच जेवायला बसले आणि म्हणाले, "आता अशी गाडी पायजे, जी परत आणायची घाई न्हाई." मला वाटलं, बोलून मोकळे झाले. पण ते डोक्यात पक्कं बसलं होतं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं पिकअपच्या पाठीवर घर बांधून वाळवंटात आणि बर्फात राहतात, ते व्हिडिओ हे ताटावर हात वाळेपर्यंत बघत बसायचे. आधी स्पितीचं खोरं, मग लडाख, उतरताना कच्छचं रण, असं ठरत गेलं. मीही ओढले गेले. मी गाड्यांची सीटकव्हरं शिवते. जालना रोडला आमचं छोटं दुकान आहे. दुसऱ्यांच्या गाड्यांत बसायची सोय करण्यात निम्मं आयुष्य गेलं होतं, आपल्या गाडीसाठी एकदा शिवावं असं मनात होतंच.

पिकअप मिळाली ती लिलावात. चोरटी वाळू वाहताना धरलेल्या आणि मालकांनी दंड न भरलेल्या गाड्या तहसीलच्या आवारात उभ्या होत्या. त्यात ही पांढरी डिझेल पिकअप. चारही चाकांना जोर मिळणारी, नदीच्या पात्रातून भरलेली वर चढणारी. ह्यांनी बॉनेट उघडून इंजिन पाहिलं आणि तिथंच हरखले. एकच खोट दिसत होती. केबिनच्या मागच्या काचेच्या जागी पत्रा ठोकलेला होता. "काच काय, बसवू," हे म्हणाले.

दुकानाच्या मागेच ह्यांच्या शाळेपासूनच्या मित्राचं गॅरेज आहे. मी त्यांना भाई म्हणते. गाडी आत घेतली तेव्हा ते तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "वाळूची गाडी हाय बे. हिनं लई सोसलंय."

"म्हणून तर घेतली. आता हिला आराम," हे म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात हौदा उतरवला आणि वाळू निघायला लागली. चासीच्या पोकळीतून, दरवाजांच्या आतून, सीटच्या स्पंजातून. पाण्याचा फवारा मारला, हवा मारली, गाडी एका अंगावर कलती केली. स्वच्छ झाली म्हणून निश्चिंत व्हावं, तर दुसऱ्या दिवशी खाली पुन्हा बारीक पिवळी रांग. मी सीटचं जुनं कव्हर उसवलं तेव्हा माझ्या मांडीवर ओंजळभर पडली. ओली होती. महिनोन् महिने उन्हात उभ्या असलेल्या गाडीतली वाळू ओली कशी, हे मला कळलं नाही. फवाऱ्याचं पाणी मुरलं असेल, अशी मी समजूत घातली.

काम मात्र झकास चाललं होतं. चौकोनी पाइपांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड आणि मधे थर्माकोल. पलंगाची लांबी मापायला हे गॅरेजच्या फरशीवर पाय पसरून आडवे झाले आणि भाईंनी खडूनं त्यांच्या डोक्यापाशी रेघ मारली. मी म्हटलं, "अहो, उठा आधी." ती रेघ मला बघवली नाही. पलंगाखाली पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या, छतावर सोलर, मागचं दार उघडलं की सरकून बाहेर येणारा ओटा. चाकांच्या कमानी आत येत होत्या, म्हणून गादी मी तीन तुकड्यांत कापून शिवली. खिडक्यांना जाळी आणि निळे पडदे.

पुढच्या बाजूला विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायचं यंत्र, बसवायचं म्हणून भाईंनी बंपर काढला. थोड्या वेळानं ते हात पुसत माझ्या दुकानात आले.

"भाभी, ह्या गाडीचं तोंड बदललेलं हाय."

"म्हणजे?"

"बंपर, जाळी, दिवे, सगळं नवं. आतला चासीचा शेंडा वाकला होता, तो तापवून सरळ केलाय. काम घाईत झालंय. जोरात धडकलेली हाय ही."

"कशाला?"

भाई पुन्हा हात पुसायला लागले. मागोमाग आलेले हे म्हणाले, "झाडाला धडकली असंल. वाळूवाले काय बघून चालवतात का?" विषय तिथंच थांबला. पण त्यानंतर भाई गाडीखाली शिरताना पूर्वीसारखे गुणगुणत नव्हते.

त्याच सुमारास एक माणूस गॅरेजसमोर मोटारसायकल लावून उभा राहिला. पांढरा कडक शर्ट, अंगठ्या, डोळ्यांवर गॉगल. आत आला, गाडीला हात न लावता सगळीकडून पाहिलं. "चांगली बनवलीय. कोण राहणार हिच्यात?"

"आमी नवरा-बायको," ह्यांनी कौतुकानं सांगितलं. "लांब जायचंय, हिमालयात."

"जावा की. लवकर जावा," तो म्हणाला आणि हसला. "लांब गेलेलं चांगलं." जाताना म्हणाला, "फक्त गोदाकाठाला नेऊ नका. तिकडचे रस्ते चांगले न्हाईत."

मला त्या हसण्यानं कसंतरी झालं. ह्यांना त्यात नुसता सल्ला ऐकू आला. आणि सल्ला ऐकायची त्यांना सवय नव्हती.

आरटीओत गाडीवरच्या नव्या डब्याची नोंद झाल्यावर हिमालयाआधी एक चाचणी म्हणून ह्यांनी गोदावरीच ठरवली. वाळूत गाडी चालवून बघायची होती आणि आपल्या जिल्ह्यात वाळू दुसरीकडे आहे कुठं? मी नको म्हटलं. पण मलाही माझ्या गादीवर झोपून बघायचं होतं, म्हणून फार ताणलं नाही. गेवराई सोडून चकलांब्याच्या अंगानं आम्ही नदीकडं निघालो. उसाचे फड, कपाशी, मधेच कालव्याचं पाणी. हे गात होते. मी पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. इतकी सुखी मी कधी होते, आठवत नाही.

नदीकाठच्या ज्या गावात आम्ही थांबलो, त्याचं नाव मी लिहीत नाही. दुपार कलली होती. पारावर माणसं होती, चहाच्या टपरीवर गप्पा चालल्या होत्या. गाडी थांबली तशा त्या गप्पाही थांबल्या. चहावाल्यानं कप भरले, पण त्याचं लक्ष आमच्याकडं नव्हतं. एका बाईनं रस्त्यावर खेळणाऱ्या लेकरांना हाक मारून घरात घेतलं आणि कडी लावली. कडीचा आवाज मला टपरीपर्यंत ऐकू आला.

"गाडी कुठली?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"बीडची. लिलावात घेतली," हे म्हणाले. "वाळूच्या केसमधली."

पारावरची दोन-चार माणसं उठून गाडीच्या उजव्या बाजूला गेली. एकानं केबिनच्या पत्र्यावर बोटांनी टकटक केलं, वर-खाली, जागा बदलून. आवाज कुठं खणखणीत येत होता, कुठं बद्द. "पोचे बुजवायला लांबी भरलीय," तो दुसऱ्याला म्हणाला. मग ते गावात निघून गेले. "चला, निघू," मी ह्यांना म्हटलं. हे चहाचे पैसे द्यायला गेले, तर चहावाल्यानं हात मागं घेतला. "थांबा जरा," तो म्हणाला. "कुणीतरी येतंय."

आली ती माझ्याच वयाची एक बाई. डोक्यावर पदर, हाताला शेतातली माती. तिच्यामागं ती मघाची माणसं. ती माझ्याशी बोलली नाही. तिनं गाडीच्या उजव्या अंगावरून तळहात फिरवला, अगदी हळू, आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग केबिनच्या मागं वाकून बघितलं. तिथं आम्ही नवी काच बसवली होती.

"इथं पत्रा व्हता का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "होता."

"ती काच आमच्या पोरांनी फोडलीती. धोंडे मारलेते मागून. तरी न्हाई थांबला." तिचा आवाज चढला नाही की कापला नाही. "सकाळी दूध घालायला गेलता माझा लेक. सायकलवर."

बाकीचं सांगितलं ते माणसांनी. नंबरप्लेटला चिखल फासलेला होता. अज्ञात वाहन म्हणून नोंद झाली. गाडी कुणाची ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण गाडीच पुन्हा दिसली नाही. काही दिवसांनी ती तोंड बदलून दुसऱ्या तालुक्यात वाळू वाहायला लागली, तिथं धरली गेली आणि लिलावात निघाली, हे त्यांना कुठून कळणार? ज्यानं ती चालवली, त्याला मात्र ती कुठं आहे हे पहिल्यापासून माहीत होतं.

बाईनं मागचं दार उघडून आत पाहिलं. निळे पडदे, ओटा, फळीवर लावलेले डबे.

"याच्यात झोपता तुमी?"

"अजून झोपलो नाही, ताई," मी म्हटलं. "आज पहिल्यांदा झोपणार होतो."

तिनं मान हलवली आणि पायरीवर बसली. मी तिच्याशेजारी बसले. पाणी दिलं, ते तिनं घेतलं. गावानं आम्हाला बोट लावलं नाही. फक्त निघताना तो म्हातारा ह्यांना म्हणाला, "ड्रायव्हर, आता ही गाडी गायब होऊ देऊ नका."

परतताना एक मोटारसायकल मागं लागली, ती थेट हमरस्त्यापर्यंत. पुढं जात नव्हती, मागं राहत नव्हती. ह्यांचे स्टेअरिंगवरचे हात एसटीत धरायचे तसे ताठ होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तोच तो पांढऱ्या शर्टाचा माणूस आत येऊन स्टुलावर बसला. हे बँकेत गेले होते. "वहिनी, नव्या गाडीला कव्हरं शिवायचीत. काळी करा. मळखाऊ." मी टेप हातात घेतली, कारण दुसरं काय करावं सुचलं नाही. मग तो म्हणाला, "जुनी गाडी मोडीत द्या. घेणारा माणूस मी पाठवतो. तुमचं नुकसान होणार न्हाई." भिंतीवर माझ्या मुलीचा पदवीचा फोटो आहे. त्याच्याकडं बघत म्हणाला, "पोरगी पुण्याला असते ना? पुण्यात ट्रॅफिक लई."

तो गेल्यावर मी शटर निम्मं ओढून आत बसून राहिले. हे आले तसं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "देऊन टाका गाडी. आजच द्या. मला माझी पोरगी पायजे."

ह्यांनी शटर पूर्ण वर केलं. मग म्हणाले, "एवढी वर्षं गाडी चालवली, माझ्या हातून माणूस गेला न्हाई. रोज घरी आल्यावर तू विचारायची, नीट आलात का. आठवतं? त्या बाईच्या घरी कुणी नीट आलं न्हाई. मी गाडी मोडीत दिली, तर मीबी त्याच्याच शेजारी बसलो म्हणायचं."

"आणि पोरीला काही झालं तर?"

"तिला मी आत्ता फोन करतो. तिला विचारू."

मुलीला फोन लावला. तिनं सगळं ऐकलं. शेवटी म्हणाली, "पप्पा, मला भीती वाटतीय. तरी द्या गाडी पोलिसात." मी रडले. ती रडली नाही.

मग भाईंना विचारलं. बंपरमागं काय दिसलं ते त्यांनीच पाहिलं होतं. त्यांनी गॅरेजच्या दाराशी उभं राहून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. "माझंबी दुकान इथंच हाय," ते म्हणाले. "पण खोटं काय सांगू? जे दिसलं ते सांगीन." आणि त्याच दुपारी आमच्याबरोबर गाडीत बसले.

ह्यांनी स्वतः गाडी चालवत ठाण्यात नेली. पंचनाम्याला हवालदार आत शिरला, गादी दाबून बघितली आणि म्हणाला, "बाई, हे सामान काढून घ्या." मी डबे काढले, भांडी काढली, पडदे काढले. गाद्या ठेवल्या. त्या चाकांच्या कमानींच्या मापानं कापलेल्या होत्या, दुसरीकडं कुठंच बसल्या नसत्या.

त्या माणसाला अटक झाली, मग जामीन झाला. खटला उभा राहिला, तारखा पडताहेत. मी ती काळी कव्हरं शिवली नाहीत, तो विचारायलाही आला नाही. पण आठवड्यातून एखाद्या दिवशी दुकानासमोर मोटारसायकल हळू होते आणि पुढं जाते. चालवणारा दरवेळी वेगळा असतो. भाईंच्या गॅरेजात आता गाड्या कमी येतात. ते कुणाला दोष देत नाहीत, फक्त संध्याकाळी लवकर बंद करतात. मुलगी आम्हाला पुण्याला या म्हणते. हे म्हणतात, साक्ष होईपर्यंत नाही.

मागच्या तारखेला ती बाई कोर्टाच्या आवारात भेटली. तिनं आमच्यासाठी शेतातली बोरं आणली होती, पदरात बांधून. आम्ही तिघं बाकावर बसून ती खाल्ली. समोरच्या बाकावर तो माणूस वकिलाशी बोलत बसला होता आणि मधून मधून आमच्याकडं बघत होता. बाईनं एकदाही नजर खाली केली नाही. मी मात्र मुठीतल्या बियांकडं बघत राहिले.

पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे.