कच की काच

आमच्या घरचा मांजा बनवायची मी आणि नाव व्हायचं दादाचं. 'याची काच पाहा, कशी मैद्यासारखी आहे,' असं गल्लीतली पोरं म्हणायची आणि हा शहाणा नसलेल्या मिशीवर ताव द्यायचा. ती मैद्यासारखी कुटत कोण होतं? मी. पोरीच्या जातीनं गच्चीवर फार तर चक्री धरावी, पतंग उडवू नये, असा आमच्याकडे न लिहिलेला कायदा होता. ठीक आहे म्हटलं, कुटायला तर कोणी मना करत नाही!

मी तेव्हा मॅट्रिकला होते. ताईचं लग्न होऊन तीन वर्षं झालेली, नरखेडकडच्या एका गावात दिली होती. तिचं पहिलं मूल पाचव्या महिन्यातच गेलं. दुसऱ्या खेपेला सातवा लागला तशी आईच्या जिवाला चैन पडेना. "संक्रांत माहेरी करन, बाळंतपण बी इथंच," असं म्हणून ती स्वतःच एसटीनं ताईला आणायला गेली. बाबा गांधीबागेत कापडाच्या दुकानात नोकरीला, ते दिवसभर बाहेर. घर आम्हा दोघांच्या ताब्यात.

फुटक्या बल्बांची काच दादानं वर्षभर जमवून ठेवली होती. एरवी आम्ही ती मागच्या अंगणात दगडावर कुटायचो. त्या वर्षी आई नाही म्हटल्यावर स्वयंपाकघरातला लोखंडी खलबत्ताच काढला. तोंडाला फडकं बांधून मी दुपारभर कुटली आणि वस्त्रगाळ केली. मग ती शिजवलेल्या खळीत लाल रंगासोबत कालवली, दोन कडुनिंबांच्या मध्ये दोरा ताणला आणि दादानं हातात चिंधी घेऊन येरझारा घालत मांजा सुतला. संध्याकाळी आई ताईला घेऊन आली, तेव्हा मांजा चक्रीवर होता आणि खलबत्ता फळीवर.

दुसऱ्या दिवशी भोगी. मी शाळेतून आले तर आईचे लाडू वळून तयार, पितळी डबा गच्च भरलेला. आई पाकाचे लाडू करत नसे. भाजलेले तीळ आणि गूळ एकजीव होईपर्यंत कुटायचे आणि तेलाचा हात लावून वळायचे, ही तिची रीत. तिचा तिळगूळ खायला लोक मुद्दाम आमच्याकडे यायचे. संक्रांतीआधी मात्र कोणाला हात लावू द्यायची नाही.

संक्रांतीच्या सकाळी गच्च्यागच्च्यांवर नुसता कल्ला. पतंग कटली की "ओ पार!" ही आरोळी इकडून उठायची, तिकडून उठायची. दादानं न्याहारीलाच दोन लाडू हाणले होते आणि नऊच्या आत तीन पतंगी कापल्या होत्या. मी चक्री धरून उभी. मला आंघोळीआधी गोड खायचं नव्हतं, एवढाच काय तो माझा धर्म.

"काय कुटली वं तू या वेळेस!" दादा खुशीत आला होता. "खलबत्ता धुतला तवा हातात नाही ना घुसली?"

"मी कुठं धुतला? तू धुतला ना गा?"

"मी कायले धुईन? भांडे पोरीनंच धुवा लागते."

एरवी या बोलण्यावर मी त्याची चटणी केली असती. पण आईनं तिळगूळ त्याच खलबत्त्यात कुटला होता. तो माझ्याकडे पाहतच राहिला आणि तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून "ओ पार!" झालं. आमची पतंग गेली. दादानं वर पाहिलंसुद्धा नाही. मी चक्री तिथंच टाकली आणि जिना उतरले.

खाली ताई उन्हात बाजेवर बसून लाडू खात होती. अर्धा संपला होता. "ये वं, आईनं काय लाडू केले!" ती म्हणाली. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि खलबत्ता खिडकीशी नेला. आईनं वापरण्याआधी तो फडक्यानं पुसून घेतला असणार. घरचाच खलबत्ता, त्यात कोणी भलतं काय कुटणार! बुडाशी तिळगुळाचा चिकट थर होता. बोट फिरवलं तर काहीतरी चमकलं. तिळाचं टरफलही उन्हात चमकतं, हे आज कळतं. तेव्हा मला प्रत्येक ठिपका काचच दिसत होता.

बाहेर आले तर बाबा आरामखुर्चीत बसले होते. अर्धा लाडू तोंडात टाकून ते चावता चावता थांबले.

"काहून वं, गुळात कच आहे काय?"

मला ऐकू आलं 'काच'. बापा! गुळात रेती निघतेच, बाजारच्या गुळात हमखास निघते. त्या कचेला आमच्या घरी कोणी कधी डरलं नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं. आई म्हणाली, "असंन. गाळून थोडीच घेतला," आणि बाबांनी तो घास गिळला. मी त्यांच्या गळ्याकडे पाहत होते.

मग मी मोजायला लागले. ताईचा आता पूर्ण एक, बाबांचा अर्धा, दादाचे दोन. दादा खाली आला आणि मला कोपऱ्यात ओढून म्हणाला, "आईले सांगू नको, चामडी सोलन ती माही." भैताड कुठचा! याला स्वतःच्या चामडीची पडली होती. मला वेगळीच भीती होती. ताईच्या कानावर 'काच' हा शब्द गेला तर काचेचं राहिलं बाजूला, धसक्यानंच तिचं काही व्हायचं. आणि न सांगावं तर ती दुसरा लाडू उचलणार. घटकाभरानं बायका यायला लागणार, पोरं येणार, त्या सगळ्यांच्या हातावर आई हेच लाडू ठेवणार. मी आईला दोनदा हाक मारली. दोन्ही वेळेला ती म्हणाली, "थांब वं, कामात आहो."

आणि ताईनं दुसरा उचललाच. तोंडाशी नेला.

मी धावत जाऊन तिच्या हातावर फटका मारला. लाडू मातीत गेला. वळले तर बाजेशी डबा उघडा होता. मी त्याला अशी लाथ मारली की तो थेट मोरीत जाऊन उपडा झाला.

आईनं माझ्या कानाखाली वाजवली. "तिळाले लाथ मारते? सणाच्या दिवशी? अंगात आलं काय तुह्या?" ताई रडायला लागली. "आई, अपशकुन झाला वं. या खेपेले बी माहं..." तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं. मी तिला वाचवायला गेले होते आणि तिच्या जिवाला नवाच घोर लावून ठेवला होता.

आईनं मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं. मी फळीवरच्या खलबत्त्याकडे बोट दाखवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

आई ओरडली नाही. हळूच म्हणाली, "ताईनं किती खाल्ले?"

"एक."

"ह्यायनं?"

"बाबानं अर्धा. दादानं दोन. मी एक बी नाही."

"बरं झालं." ती भिंतीला टेकली. मग पदर खोचून बाहेर गेली आणि ताईला म्हणाली, "अवं, रडते काहून? डब्यात आत्ताच पाल पडली, हिनं पाहिली. चांगलं केलं पोरीनं." काच पोटात गेली तर केळं खावं म्हणतात, म्हणून बाबांना, दादाला आणि ताईला तिनं केळी खाऊ घातली, जबरदस्तीनं, दोन दोन. घरातली केळी तिथंच संपली. मोरीतले लाडू गोळा करून परसात खड्ड्यात पुरले. दुपारी बायका आल्या तर त्यांच्या हातावर साखरफुटाणे ठेवले आणि हसत हसत म्हणाली, "या वर्षी माहे लाडू बिघडले बाई." तिच्या तिळगुळाचं एवढं नाव, पण दहा जणींसमोर तिनं हे सांगितलं. मला तोंड वर करवेना.

कोणालाही काही झालं नाही. पंधरा दिवसांनी ताईचं डोहाळजेवण थाटात झालं, आणि पुढं यथावकाश तिला मुलगी झाली. डोहाळजेवणाच्या संध्याकाळी आई आणि मी मागच्या अंगणात भांडी घासत बसलो होतो. माझी भीती पार गेली होती, जीभ सैल झाली होती. मी म्हटलं, "पाह्य आई, उगाच घाबरलो आपण. कोणाचं पोट बी दुखलं नाही."

"माहं दुखलं ना," आई म्हणाली. "संक्रांतीच्या रात्री. वाटलं, आता काही खरं नाही."

"तुहं काहून? तू कुठं खाल्ला होता लाडू?"

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "अवं, गोड बरोबर झालं का नाही, हे चाखून कोण पाह्यते? भोगीच्या दिवशी कुटता कुटता बचकभर तरी गेलं असंन पोटात."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुले सांगून काय करू वं? घर झोपलं होतं."

त्या दिवशी मी एकेकाचा घास मोजला होता. आईचा मोजलाच नव्हता. आणि त्या रात्री, सगळं सांगून टाकल्यामुळे, मला फार गाढ झोप लागली होती.