गोपीच्या ड्रिल मशीनची खरेदी

खरेदीला एकटा माणूस गेला तर वस्तू घरी येते. चौघं गेले तर किस्से येतात! आमच्याकडे ते इतके साठलेत, की एक सांगायला घेतला की बाकीचे आपणहून मागे रांग लावतात. आणि गंमत म्हणजे हे सगळे एकाच खरेदीचे आहेत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आम्ही चार मराठी होतो. दत्ताजीअण्णांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच, कुलकर्णी पुण्याहून आलेला, मी आणि गोपी निपाणीकडचे. गोपीनं व्हीआरएस घेतली आणि बनशंकरीतल्या नव्या घरांत गीझर, पडद्याचे रॉड, कपाटं बसवायची कामं धरली. भोकं पाडायला त्याच्याकडे होती छिन्नी आणि हातोडा. स्लॅबला एक भोक पाडायचं म्हणजे अर्धा तास! हॅमर ड्रिल मशीन आलं तरच त्याचा नवा धंदा उभा राहणार होता, हे आम्हाला दिसत होतं.

"कुठलंबी घेतो की," गोपी म्हणाला.

कुठलंबी? टूलरूमचा माणूस आणि कुठलंबी? आम्ही तिघांनी तिथल्या तिथे त्याची खरेदी ताब्यात घेतली.

*

आमच्यात तीन पक्ष होते. अण्णा जर्मन, कुलकर्णी जपानी आणि मी कट्टर देशी. ज्याचं मशीन होतं, त्या गोपीला कुणी विचारलंच नाही.

पहिली स्वारी एसपी रोडवर, बेंगळूरच्या हत्यारांच्या बाजारात. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि बेअरिंगचा आवाज ऐकायचा, ही अण्णांची पद्धत. डोळे मिटून त्यांनी एका दुकानात अकरा मशिनं ऐकली. आम्ही काही बोलायला गेलो की हात वर करायचे. "स्वल्प थांब रे!"

अकराव्या मशीनला दुकानदार अदबीनं पुढे आला. "सार, पेशंटला ॲडमिट करायचं का?"

*

कुलकर्णी म्हणाला, कानाचं काय घेऊन बसलात, मोजून बघायला पाहिजे. पुढच्या शनिवारी तो पिशवीतून डायल गेज घेऊन आला. ड्रिलचं पातं धरणारा चक फिरताना किती डगमगतो, ते शतांश मिलिमीटरमध्ये मोजायचं होतं. त्यानं गेजचा चुंबकाचा स्टँड दुकानदाराच्या तिजोरीलाच चिकटवला!

दुकानदार बराच वेळ बघत होता. शेवटी हिंदीत म्हणाला, "साब, दीवार में छेद करना है या रॉकेट छोड़ना है?"

"बेसिकली," कुलकर्णी मान वर न करता म्हणाला, "प्रिन्सिपल एकच आहे."

*

आता माझा किस्सा. मला कुणीतरी सांगितलं होतं, की मद्रासला हीच मशिनं निम्म्या किमतीत मिळतात. मी छातीठोकपणे सगळ्यांना गाडीत बसवलं. गोपीनं त्यासाठी हातातलं एक काम पुढे ढकललं.

मद्रासच्या उन्हात सात दुकानं झाली. आठव्यात मला हवं ते देशी मशीन सापडलं. "बघा!" मी म्हणालो. "म्हणून लांब यावं लागतं!"

गोपीनं खोका उलटा केला, त्यावरचा कारखान्याचा पत्ता वाचला आणि शांतपणे म्हणाला, "बेंगळूरचं हाय की. माझ्या घरापास्नं दोन बशी बदलल्या की झालं."

किंमतही तीच निघाली. रिकाम्या हातानं परतायचं कसं, म्हणून अण्णांनी चकलीचा पितळी सोऱ्या घेतला, तोही चार दुकानं पालथी घालून. तुम्ही काहीही म्हणा, ती खेप फुकट गेली असं मी आजही मानत नाही. अण्णांकडच्या चकल्या खाऊन बघा!

*

देवनहळ्ळीला एक कंत्राटदार जुनं जर्मन मशीन विकतोय अशी अण्णांना खबर लागली. दोन बस बदलून पोचलो तर गावात करंट नाही. करंट येईपर्यंत बाजारात पपनसं बघत बसलो. पपनसांवरही तीन पक्ष पडले! चार वाजता करंट आला. मशीनचं बटण दाबलं, धूर निघाला.

"आवाज मात्र चांगला होता," अण्णा परतीच्या बसमध्ये म्हणाले.

*

आणि मग गोपीला एचएसआर लेआउटमधलं एका अख्ख्या इमारतीचं काम मिळालं. सोमवारी सुरू करायचं. कंत्राटदारानं बजावलं होतं, "मशीन घेऊन ये, नाहीतर दुसरा माणूस लावतो." हे काम धरलं तर पुढची चार मिळणार होती. गेलं तर गोपीला गावी परतण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

शनिवारी आम्ही शेवटचं एसपी रोडला गेलो आणि जर्मन-जपानी करता करता दुकानं बंद झाली!

बसस्टॉपजवळ कॉफी घेतली. गोपीनं गरम पेला डाव्या हातानं उचलला. उजव्या तळव्यावर हातोड्यानं फोड आले होते, त्यातले दोन फुटले होते. "जाऊ द्या हो अण्णा," तोच आमची समजूत घालत होता. "छिन्नीनं करतो की." मला माझी लाज वाटली. घरी येईपर्यंत आमच्यापैकी एकानंही कंपनीचं नाव काढलं नाही.

रविवारी सकाळी मी एकटाच कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. आदल्या दिवशी एसपी रोडवरून निघता निघता गोपीनं एक मशीन हातात धरून बघितलं होतं. तेच मागितलं. ते देशी नव्हतं. किंमत विचारली नाही, खोका उघडून बघितला नाही. पाच मिनिटांत बाहेर!

गोपीच्या घरी पोचलो तर अण्णा आधीच मांडीवर खोका घेऊन बसलेले. मी टेकतोय तोच मागून घामाघूम कुलकर्णी आला. त्याच्या काखेतही खोका. तिन्ही खोके शेजारी शेजारी ठेवले. कंपनी एक, मॉडेल एक, रंगसुद्धा एक!

गोपीची बायको, सुशीलावहिनी, हसायला लागल्या. "आम्ही एक ठेवतो, दोन परत करा."

परत कोण करणार? अण्णा म्हणाले, "मी नाही." कुलकर्णीही नाही म्हणाला. मी तर माझा खोका आणखी आत सरकवला.

गोपी तिन्ही मशिनांकडे बघत उभा होता. मग त्यानं पहिलं मशीन प्लगला लावलं आणि स्वतःच्या घराच्या भिंतीला एक भोक पाडलं. दुसरं लावलं, त्याच्या शेजारी दुसरं. मग तिसरं. खोलीभर सिमेंटची धूळ झाली. आम्ही तिघं श्वास रोखून बसलो होतो.

गोपीनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, तिन्ही भोकांवरून बोट फिरवलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "ह्ये मधलं जरा बरं वाटतंय."

मधलं माझं होतं!