दौलतचा डावा डोळा

सांगतो, पण आधी चहाचा गिलास घट्ट धरा. या किश्शात गिलास पडतो, आणि त्याच्यावर मी टाळ्या वाजवल्या होत्या. एवढा गाढवपणा उभ्या मारेगाव तालुक्यात कोणी केला नसंल!

दौलत माझा दोस्त. चौथीत दोघंही एकाच बाकावर बसून नापास झालो, तेव्हापासूनचा. आमची एक खूण होती. एकानं थाप मारायला घेतली की त्यानंच डाव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली सोडायची. म्हणजे, 'थाप आहे, चालू दे.' मग दुसऱ्यानं री ओढायची. याच खुणेवर आम्ही सरपंचाला त्याच्या बैलाला जुळी झाली म्हणून सांगितलं होतं, आणि तो धोतर सावरत गोठ्यात पळाला होता!

तर उन्हाळ्यात एक दिवस दौलत पानठेल्यावर आला, खांदा धरून.

"काय झालं बे?"

"ठणकते राजा. खांद्यापासून थेट करंगळीलोक. झोप नाही."

असं म्हणाला, आणि डावी पापणी अर्धी खाली!

मी म्हटलं, आलं लक्षात. लागलो री ओढायला. "अरे, याच्या करंगळीवर वीज पडली! हात लावू नका, करंट लागंल!" सारा पानठेला हसला.

"मी खरं सांगून राह्यलो!" दौलत ओरडला.

आता तुम्हीच सांगा, थापा मारणारा माणूस दुसरं काय म्हणतो? हे वाक्य आम्ही दोघांनी जन्मभर वापरलं होतं. आणि पापणी? अजून खालीच.

पुढं तर त्यानं कमालच केली. भर उन्हात तोंडाची उजवी बाजू घामानं निथळतेय, डावी कोरडी ठक्क! माझा तर जीव जळला. एवढा जुना खेळाडू मी, मला हे कसं जमत नाही? घरी आरशासमोर बसून अर्ध्या तोंडानं घाम गाळायचा प्रयत्न केला. बायको म्हणाली, "पोट साफ नाही का तुमचं?"

मग एक दिवस दौलतच्या हातातून चहाचा गिलास सुटला आणि माझ्या पायजम्यावर उपडा झाला. मी भाजलो, तरी टाळ्या वाजवल्या. "वा रे पठ्ठे!" गावही टाळ्या वाजवायला लागलं. दौलत उठून गेला.

त्याची बायको सुमनवहिनी त्याला यवतमाळला न्यायचं म्हणत होती. मी दारात उभा राहून सांगितलं, "वहिनी, कायले पैसा घालता? त्याचा डोळा पाहा ना!"

पोळा झाला, आणि एका सकाळी वहिनीच माझ्या दारात.

"भाऊजी, तुमच्या दोस्ताच्या शर्टाच्या बटना मी लावून राह्यली. घरात, दार लावून, कोणाले दाखवाले नाटक करतीन हे?"

माझ्या तोंडातला तंबाखू तोंडातच राहिला.

त्याच दिवशी आम्ही तिघं एस.टी.नं यवतमाळला गेलो. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं माझ्याच गळ्याच्या हाडामागच्या खळग्यात बोट दाबलं.

"आजोबा, फुफ्फुसाचं टोक इथपर्यंत वर येतं, मानेत. त्याच्यावर एक चिवट पडदा असतो. मानेच्या मणक्यापासून पहिल्या बरगडीपर्यंत तंबूसारखा ताणलेला."

"कापसाच्या गाडीवर ताडपत्री ताणतो, तसा?"

"तसाच. आणि ताडपत्रीवरून दोर जातात, तशा त्याला लागून नसा जातात. हाताच्या, करंगळीच्या. मागच्या बाजूनं डोळ्याची आणि घामाची. यांची गाठ खाली फुफ्फुसाच्या टोकावर झाली, पडदा फोडून वर आली आणि त्या नसांना धरून बसली. म्हणून पापणी पडली."

"म्हणजे तो डोळा मारत नव्हता?"

"कोणाला?"

"मले."

बाईनं वहिनीकडं वळून पाहिलं. मग विचारलं, "एवढे महिने दुखत होतं, तर आधी का नाही आणलं? आता फार काही हातात राहिलं नाही."

वहिनी खाली बघत होती. मी भिंतीकडं. तेवढ्यात खाटेवरून दौलत बोलला, "बाई, याची काही चूक नाही. मीच सुरवातीले नाटक करत होतो."

आणि माझ्याकडं बघून त्यानं उजवी पापणी अर्धी खाली सोडली. डावी तर पडलेलीच होती.

चालू दे, म्हणत होता. जन्मात पहिल्यांदा मला त्याची री ओढता आली नाही.

दिवाळीच्या आधीच दौलत गेला. तिरडीला मी डावा खांदा दिला. रस्ताभर मान वळवून त्याच्या तोंडाकडं पाहत होतो. डावी पापणी अर्धी उघडीच राहिली होती ना! म्हटलं, हा आता उठंल. स्मशान आलं, तरी उठला नाही.

तेव्हापासून माझा डावा खांदा ठणकतो. खोटं नाही. परवा पानठेल्यावर सांगितलं, तर अख्खं गाव पोट धरून हसलं. एकानं तर टाळ्या वाजवल्या. मी ओरडलो, "अरे, मी खरं सांगून राह्यलो!"

तर आणखी हसले.

आता तुम्ही काहून हसून राह्यले?